इन्कॉइसचा लाटांचा अंदाज आणि किनाऱ्यावरचा पिवळा बोया: एका रत्नागिरीकराचा रिव्ह्यू

रेटिंग पहिलंच देऊन टाकतो, पाचपैकी सव्वाचार. फुकट आहे, सरकारी आहे, मोबाईलवर मिळतं, आणि ज्यांची छोटी फायबरची होडी आहे, जे गिलनेट मारायला जातात, गळाला जातात, किंवा ज्यांचा वॉटर स्पोर्ट्सचा, स्कूबाचा धंदा आहे त्यांनी हे बघितल्याशिवाय होडी पाण्यात ढकलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊण मार्क कापलाय तो बोया, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेला लाटा मोजणारा तरंगता गोळा, या यंत्राच्या मर्यादांसाठी. त्या मर्यादा कुठल्या देशात गेलात तरी त्याच आहेत, पण किनाऱ्यावर त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि लोक मोबाईलवरचा आकडा बघून ‘आज दीडच मीटर आहे, चला’ म्हणून निघतात, म्हणून एवढं लांब लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इन्कॉइस ही हैदराबादची संस्था, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची, १९९९ ला सुरू झाली, त्सुनामीचा इशारा देणारं आपलं केंद्रही तिथेच आहे. ते रोज समुद्राचा अंदाज देतात, वेबसाइटवर आणि ‘समुद्र’ नावाच्या अ‍ॅपवर. लाटेची उंची, त्यातला स्वेल (लांबच्या वाऱ्याने उठून इथवर आलेली लाट) किती, दिशा, पिरियड (एका शेंड्यामागून दुसरा शेंडा यायला लागणारे सेकंद), वारा, प्रवाह, सगळं. अंदाज येतो कॉम्प्युटर मॉडेलमधून, म्हणजे वारा टाकायचा आणि त्यातून लाटा किती उठतील ते गणित करायचं. पण ते गणित बरोबर की चूक हे ठरवायला खऱ्या पाण्यात कोणीतरी मोजत बसायला लागतं ना, ते काम बोये करतात. आपल्या बाजूला वर्सोवा, रत्नागिरी, खाली कारवार अशा ठिकाणी असे बोये लावले गेलेत, आणि गोव्याच्या एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी रत्नागिरीसमोरच्या लाटांवर वर्षानुवर्षं काम केलंय. मॉडेल कितीही भारी असू दे, समोरच्या पाण्यात बोया नसेल तर त्यावर विश्वास किती ठेवायचा हे कळायला मार्गच नाही. म्हणून मी अ‍ॅपचा रिव्ह्यू म्हणता म्हणता जास्त बोयाबद्दलच लिहिणार आहे.

बोया जवळून बघितलाय मी, दुरुस्तीला काढून जेट्टीवर ठेवलेला. साधारण ९० सेंटिमीटर व्यासाचा पिवळा गोळा, वर अँटेना आणि फ्लॅश होणारा दिवा. खालचा अर्धा भाग बार्नकलने, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांनी, असा भरलेला की पिवळा रंगच दिसत नव्हता, हात फिरवला तर साल निघेल असे धारदार, आणि मध्ये मध्ये हिरवं शेवाळ लोंबतंय. त्याच्याखाली साखळीचा तुकडा आणि मग काळी जाड रबराची दोरी, खरं रबर, ओढलं की ताणतं. मला आधी वाटायचं की नांगर म्हणजे साखळी, रबर कशाला? पण तीच तर त्यातली मेख आहे. साखळी आखूड आणि ताठ ठेवली तर लाट वर जाते तेव्हा बोया खाली ओढला जाणार आणि माप कमी येणार. रबर असलं की बोया लाटेबरोबर मोकळा वरखाली होतो आणि जागाही सोडत नाही. डेटावेल नावाची हॉलंडची कंपनी आहे, १९६० च्या दशकापासून वेव्हरायडर बोये बनवते आणि जगभर तेच वापरतात. नेदरलँड्सला १९५३ च्या पुरात समुद्राने जो फटका दिला त्यानंतर त्यांनी समुद्र मोजणं किती मनावर घेतलं ते या यंत्राकडे बघून कळतं.

आता तो मोजतो कसा हे समजून घ्या, कारण सगळ्या अडचणी तिथूनच निघतात. बोयाला लाटेची उंची ‘दिसत’ नाही. त्याला फक्त झटका कळतो, म्हणजे आपण किती जोरात वर ढकललो जातोय आणि किती जोरात खाली. त्या झटक्याचं एकदा गणित केलं की वेग निघतो, दुसऱ्यांदा केलं की उंची. दोनदा बेरीज करत जायचं म्हटल्यावर सेन्सरमधली बारीकशी चूक पण पुढे पुढे वाढत जाते, दुकानाच्या खतावणीत रोज एक रुपयाची चूक पुढे ओढली तर वर्षाअखेरीला हिशोब कुठे जाईल तसं. त्यात बोया लाटेच्या उतारावर तिरका होतो, तेव्हा वरखाली काय आणि आडवं काय याची गल्लत होऊ शकते. डेटावेलने त्यावर उपाय म्हणून आत द्रवात तरंगता प्लॅटफॉर्म ठेवलाय जो बोया कितीही कलंडला तरी आडवाच राहतो. एवढ्या वर्षांपूर्वी लोकांनी हे असं साधं आणि पक्कं डोकं लावलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. चांगला कॅलिब्रेट केलेला बोया असेल तर सेन्सरची चूक टक्क्याच्या आतबाहेर असते, तिथे शंका घ्यायला जागा नाही.

पण सेन्सर चांगला म्हणजे आकडा तुमच्या कामाचा असं नाही. मोबाईलवर जी उंची दिसते ना, ती कुठल्याही एका लाटेची नाही. अर्ध्या तासात जेवढ्या लाटा आल्या त्यातल्या सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, असा त्याचा हिशोब आहे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वेर्ड्रुप आणि मुंक या दोघा समुद्रशास्त्रज्ञांनी आणली, सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं म्हणून लाटांचा अंदाज हवा होता. मुरलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नुसत्या नजरेने जी उंची सांगतो ती साधारण या आकड्याच्या जवळ येते, म्हणून पद्धत टिकली. आता डोकं लावा, ९ सेकंदांची लाट असेल तर अर्ध्या तासात २०० लाटा जातात, आणि २०० लाटांत सगळ्यात मोठी जी असते ती या आकड्याच्या साधारण १.६ पट असते. म्हणजे अ‍ॅप २ मीटर म्हणत असेल तर अर्ध्या तासात एक तरी लाट सव्वातीन मीटरची धरूनच चालायची. दिवसभर बाहेर राहिलात तर जवळजवळ दुप्पट. हे अंदाज चुकल्यामुळे होत नाही, अंदाज बरोबर असतानाच होतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळ युक्लुएलेटसमोर एका बोयाने १७.६ मीटरची लाट पकडली होती, आजूबाजूचा समुद्र होता ६ मीटरचा. जवळजवळ तिप्पट. असलं क्वचित होतं, पण होतं.

अजून एक, १.९ आणि २.१ यात काही फरक मानू नका. डेटावेलचा बोया २०० सेकंदांचे आठ तुकडे घेऊन अर्ध्या तासाचं एक माप काढतो, आणि लाटा कधीच एकसारख्या नसल्यामुळे तेवढ्या छोट्या नमुन्यात ५ ते १० टक्के इकडचं तिकडे होणारच. मागच्या तासाला २.१ होता आता १.९ झाला म्हणजे उतरतंय असं समजून घाईघाईत निघणारे बघितलेत मी. चार-सहा तासांचा कल बघा, एक आकडा नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, पिरियड. लोक उंची बघतात आणि पिरियडचा कॉलम सोडूनच देतात. आमच्याकडे एक जुने तांडेल आहेत, मी त्यांना काका म्हणतो, मोबाईल वापरत नाहीत पण मला विचारतात काय म्हणतो तुझा बोया. एकदा म्हटलं, “काका, आज दीडच मीटर आहे.” तर म्हणाले, “दीड मीटर कसली रे? वाऱ्याची की फुगाऱ्याची?” त्यांचा प्रश्न बरोब्बर पिरियडचाच होता. ६ सेकंदांची दीड मीटर म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेली, एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंत खोल पाण्यात जेमतेम ५६ मीटर, होडी आपटते, अंग भिजतं, कंबर मोडते. १४ सेकंदांची दीड मीटर म्हणजे लांबून आलेला फुगारा, स्वेल, दोन शेंड्यांत ३०० मीटरच्या वर अंतर, बाहेर खोल पाण्यात होडी नुसती हळू वर जाते आणि हळू खाली येते, कळत पण नाही. पण त्या लाटेत ताकद दुपटीपेक्षा जास्त असते, आणि ती तळाला लागायला लागते १५० मीटर खोलीपासूनच, आणि किनाऱ्याजवळ येता येता वर उचलते. खाडीच्या तोंडावरच्या वाळूवर ती फुटते तेव्हा बाहेरची दीड मीटर दीड मीटर राहत नाही. उंचीचा आकडा दोन्ही दिवशी तोच होता आणि दिवस मात्र पूर्ण वेगळे.

आणि नेमकी हीच लांब लाट बोयाला पकडायला सगळ्यात अवघड जाते. गणित करून बघा. १ मीटर उंचीची ६ सेकंदांची लाट बोयाला जेवढा झटका देते त्याच्या पाचव्या भागापेक्षाही कमी झटका १४ सेकंदांची तेवढीच उंच लाट देते. आणि दक्षिण महासागरात वादळ झालं की पहिली जी लाट येते ती १८-२० सेकंदांची, उंची फक्त २० सेंटिमीटर वगैरे, तिचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात सेन्सरची स्वतःची गुणगुण, नांगराच्या दोरीची ओढ, सगळं मिसळतं आणि दोनदा बेरीज केल्यावर खरी लाट कुठली आणि गोंगाट कुठला हे वेगळं करणं कठीण होतं, म्हणून बरेच बोये एका ठरावीक पिरियडच्या पुढचं सरळ गाळूनच टाकतात. त्या लाटेला तिकडून कोकणापर्यंत यायला आठवडाभर लागतो, इथे वारा नसतो, आकाश निरभ्र, आणि समुद्र आपोआप फुगतो. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, एप्रिल-मे मध्ये घरात पाणी शिरतं. इन्कॉइस आता याचे इशारे आधी देते, मॉडेल आणि बोये दोन्ही मिळून, आणि मला ही त्यांची सगळ्यात मोलाची सेवा वाटते. स्वेल सर्जचा, म्हणजे असा लांबच्या लाटांनी समुद्र फुगण्याचा, इशारा असेल तर ‘वारा तर नाही’ म्हणून दुर्लक्ष करू नका प्लीज.

जागेचा मुद्दा राहिला. किनाऱ्याचा बोया साधारण १०-१५ मीटर खोलीत असतो, त्याने मोजलेली लाट ही त्या एका जागेची. तिथून दोन-तीन किलोमीटरवर खडक आला, डोंगराचं नाक आलं, वाळूचा बांध आला की लाट वळते, कुठे एकत्र होते, कुठे पसरते. आपल्या इथे रत्नदुर्गाचा डोंगर मध्ये घुसलाय, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला एकाच दिवशी एकच लाट वेगळी लागते हे कोणीही सांगेल. पावसाळ्यात लाट नैऋत्य-पश्चिमेकडून येते, पण हिवाळ्यात अरबस्तानच्या बाजूला शमाल वारा सुटला की वायव्येकडून ६ ते ८ सेकंदांची लाट येते, इथे वारा शांत असताना सुद्धा. म्हणून दिशेचा कॉलम पण वाचायचा आणि आपलं बंदर कुठल्या बाजूला उघडं आहे ते डोक्यात ठेवायचं.

खाडीच्या तोंडाचं तर वेगळंच प्रकरण आहे. भाट्याच्या खाडीच्या तोंडावर वाळू साचलेली, ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघालंय आणि समोरून लांब स्वेल येतोय, तिथे लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी जास्त, भांगाला (लहान भरतीला) कमी. बाहेर १३-१५ मीटरमध्ये तरंगणाऱ्या बोयाला यातलं काहीही कळत नाही, आणि तो तिथे ठेवायचा म्हटला तरी राहणार नाही, फुटणाऱ्या लाटेत आणि जोरदार प्रवाहात बोया पाण्याखाली ओढला जातो, माप सगळं बिघडतं. आणि होड्या उलटतात त्या बहुतेक तिथेच, तोंडावर. म्हणून बाहेरच्या आकड्यावरून तोंडाचा अंदाज बांधायचा तर भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी घेऊन बसायला पाहिजे. माझ्या दृष्टीने कापलेला अर्धा मार्क इथला आहे.

उरलेला पाव मार्क उंच लाटेच्या शेंड्यासाठी. टोकदार शेंडा आला की बोया त्याच्यावरून जाण्याऐवजी बाजूने घसरतो किंवा आरपार ओढला जातो, आणि पाण्याबरोबर पुढेमागे होत असल्यामुळे टोकदार शेंडा आणि पसरट खळगा याचं त्याच्या नोंदीत जरा गुळगुळीत रूप होतं. सरासरीला फार धक्का लागत नाही पण ‘सगळ्यात मोठी लाट’ म्हणून जो आकडा येतो तो थोडा मऊच समजायचा. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रात ड्राउप्नर या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर २५.६ मीटरची लाट मोजली गेली ती प्लॅटफॉर्मवरून खाली रोखलेल्या लेझरने, बोयाने नाही, आणि लेझर जागचा हलत नाही हाच फरक.

डेटा बंद पडतो त्याबद्दल लोक शिव्या घालतात, त्यावर मला जरा बोलायचंय. बोया पावसाळ्यात तुटला तर दुरुस्तीची बोट त्या समुद्रात जाणार कशी? जूनमध्ये दोरी तुटली तर सप्टेंबरपर्यंत आकडा नाही असं होऊ शकतं, आणि सगळ्यात मोठ्या लाटा असतात त्याच महिन्यांत. बार्नकल चढून बोया जड होतो, छोट्या लाटांना नीट हलत नाही, दोरी घासते. हे झालं निसर्गाचं. पण बोये बिघडण्यामागे माणसंही असतात, आणि ती आपलीच. बोयाच्या आजूबाजूला मासे जमतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून होडी त्याला बांधतात, जाळं अडकलं की दोरी कापतात, दिवा नाहीतर अँटेना काढून नेतात. आतला तो तरंगता प्लॅटफॉर्म गरगर फिरवलेला सोसत नाही, होडी बांधली की बोया फिरतो आणि माप कायमचं वाकडं होऊ शकतं, वरून मात्र सगळं ठीक दिसतं. बंद पडलेला बोया परवडला पण चुकीचं सांगणारा नको. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा या किनाऱ्यावरची किती माणसं परत आली नाहीत हे ज्या घरांनी सोसलंय त्या घरातल्या कोणी तरी हे पोरांना सांगायला पाहिजे की त्या पिवळ्या गोळ्याला हात लावू नको.

दुसरे पर्याय आहेत का? आहेत, पण बदली नाही. उपग्रह लाटेची उंची मोजतात आणि खोल समुद्रात ते उत्तम आहे, पण उपग्रह त्याच रेषेवरून पुन्हा काही दिवसांनी जातो आणि किनाऱ्याला चिकटून जमीन आली की माप गढूळ होतं. तळाशी दाबाचं यंत्र ठेवता येतं, ते कोणी चोरत नाही, पण आखूड लाटेचा दाब तळापर्यंत पोचतच नाही. जीपीएसवर चालणारे छोटे बोये आलेत, काही सोलरवर चालतात, हलके, एका माणसाला उचलता येतात, त्यात बेरीज दोनदा करायची गरज नाही हा मोठा फायदा, पण लाट अंगावर फुटली की तेवढा वेळ सिग्नल जातो. मला विचाराल तर मोठे बोये थोडे आणि मध्ये मध्ये हे छोटे जास्त, खाडीच्या तोंडांजवळ खास, असं झालं तर कोकणाला खरा उपयोग. परदेशी एक सर्फिंगचं अ‍ॅप पण वापरून बघितलं, नाव नको, रंगीत नकाशे छान आहेत पण एका किनाऱ्याच्या दिवसाला एकच आकडा ठोकून देतं आणि तो कुठल्या मोजमापाशी ताडून बघितलाय याचा पत्ता नाही. काढून टाकलं.

छोट्या होडीवाल्यांनी इन्कॉइसची ती लहान नौकांसाठीची सल्ला सेवा मुद्दाम बघावी. ७ मीटरपर्यंत रुंदीच्या बोटींसाठी आहे, आणि त्यात नुसती उंची नाही, लाट किती उभी आहे, किती दिशांनी येतेय, वारा किती झपाट्याने वाढतोय हे सगळं धरून होडी उलटण्याचा धोका सांगतात, तोही पुढच्या दिवसांचा. दीड मीटरवाला प्रश्न त्यात बराचसा सुटतो. ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना घाई असते, तेव्हा तर बघाच, नारळी पौर्णिमा झाली नसेल तर अजूनच.

आणि एक काम सांगून ठेवतो. पिवळा बोया किनाऱ्याला लागलेला किंवा भलत्याच ठिकाणी वाहत असलेला दिसला तर उघडू नका, फिरवू नका, शक्य असेल तर मोबाईलवर जागा टिपून फोटो काढा, अंगावर नंबर किंवा संस्थेचं नाव लिहिलेलं असतं ते घ्या, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसला नाहीतर तटरक्षक दलाला कळवा, त्यांचा नंबर १५५४, टोल फ्री आहे.